डोंबिवलीहून पुण्याला: घर कोणाच्या पायांनी निवडायचं?

वाचकाचं पत्र: आम्ही डोंबिवली पूर्वेला स्वतःच्या वन बीएचकेत राहतो. यजमानांना हिंजवडी फेज ३ मध्ये नोकरी लागली आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचंय. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, बाकी काम घरून. माझी विमा कंपनीतली बदली जूनपासून शिवाजीनगरला मंजूर झाली आहे. लेक तिसरीत जाईल, सध्या सेमी-इंग्रजी शाळेत आहे. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि गुडघे दुखतात. दीर म्हणतात, डोंबिवलीचं घर विकून पुनावळ्याला चालू बांधकामात टू बीएचके बुक करा आणि तोवर वाकडला भाड्याने राहा. पुणं मुंबईपेक्षा लहान, सगळं जवळजवळ, म्हणून मला फारशी धास्ती नाही. पण सासूबाई म्हणतात, ‘मी इथेच बरी.’ काय करावं?
– एक वाचक, डोंबिवली

ताई, नमस्कार.

‘सगळं जवळजवळ’ हे आधी मनातून काढा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच चुकतात. डोंबिवलीत स्टेशन गाठलं की गाडी चालवता येवो न येवो, माणूस ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी पोचतो. पुण्यात अंतरं कमी आहेत, पण सगळ्यांना वाहून नेणारा असा एक कणा नाही. मेट्रोच्या मार्गालगत राहिलात तर मेट्रो, नाहीतर पीएमपीची बस, आणि बाकी शहर दुचाकीवर चालतं. ज्याला दुचाकी चालवता येत नाही तो इथे घरातल्या दुसऱ्या कोणाच्या वेळेवर अवलंबून राहतो. तुमच्या घरात सासूबाई आणि लेक तर तशा आहेतच, कदाचित तुम्हीही असाल.

म्हणून आमचं सांगणं एकच आहे. घरातल्या सगळ्यात कमी हिंडू शकणाऱ्या माणसाला पायी काय काय गाठता येईल, ते बघून घर निवडा. ऑफिसचा हिशोब त्यानंतर. आणि ते घर भाड्याचंच असू द्या, किमान अकरा महिने.

दिरांच्या योजनेत सगळं हिंजवडीभोवती फिरतं. आठवड्याच्या खेपा मोजून बघा. यजमानांच्या सहा, तुमच्या दहा, लेकीच्या शाळेच्या किमान दहा. सासूबाईंचं औषध, देऊळ, भाजी, फिरणं रोजचं, ते वेगळंच. सहा खेपांसाठी बाकी सगळ्यांनी लांब जायचं, असा तो हिशोब होतो. शिवाय वाकड म्हणजे हिंजवडी नव्हे. फेज ३ वाकडच्या पुलापासून आणखी सात-आठ किलोमीटर आत आहे, आणि सकाळी साडेआठ ते अकरा त्याच पट्ट्यात गाड्या रांगेने उभ्या असतात. तुम्हाला वाकडहून शिवाजीनगरला रोज औंध आणि विद्यापीठ चौक ओलांडावा लागेल, तेही सगळ्यात गर्दीच्या वेळी.

आमची पहिली पसंती औंधला. शिवाजीनगर सहा-सात किलोमीटरवर, बसेसची ये-जा चांगली, जुनी वस्ती असल्याने वाणी, औषधवाला, डॉक्टर, भाजी खाली उतरलं की मिळतात, आणि हिंजवडी उलट्या दिशेला असली तरी तीन दिवसांपुरती झेपते. भाडं जड वाटलं तर मुळा ओलांडून नवी सांगवी, पिंपळे गुरव किंवा पिंपळे निलख बघा. औंधचं जिल्हा रुग्णालय तिथून जवळ पडतं. दुसरी पसंती कोथरूड, पण वनाज ते नळ स्टॉप या मेट्रो स्थानकांपासून पायी दहा मिनिटांच्या आत. तिथून तुम्ही जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून पुढच्याच स्थानकावर, शिवाजीनगरला उतराल. यजमानांना मात्र चांदणी चौक आणि महामार्गावरून वीसेक किलोमीटर जावं लागेल. कंपनीची बस कोथरूडहून सुटते का, कोणत्या थांब्यावरून आणि परतीची शेवटची किती वाजता, हे रुजू होण्यापूर्वीच विचारायला सांगा.

माण-हिंजवडी ते जिल्हा न्यायालय या तिसऱ्या मेट्रो मार्गिकेचं नाव तुम्ही प्रत्येक दलालाकडून ऐकाल. घराजवळचं स्थानक करार करायच्या दिवशी प्रवाशांसाठी उघडं आहे का, एवढंच बघा. पुढच्या तारखेच्या भरवशावर आजचं भाडं वाढवून देऊ नका.

शाळेचा मुद्दाही याच बाजूला झुकतो. सेमी-इंग्रजी, राज्य मंडळाच्या शाळा कोथरूड, पेठा, औंध-सांगवी अशा जुन्या वस्त्यांत जास्त आहेत. वाकड-हिंजवडीकडच्या नव्या वस्तीत इंग्रजी माध्यमाच्या, बहुतेक सीबीएसईच्या शाळा जास्त. एका वर्षात गाव, घर, मैत्रिणी आणि वर माध्यमही बदलणं आठ वर्षांच्या मुलीला फार होईल. शाळा आधी पक्की करा, मग तिच्याभोवती घर शोधा. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, राज्य मंडळाचं जूनच्या मध्यावर. राज्य मंडळातच राहिलात तर सुट्टीत सगळं बसतं. निकालाच्या दिवशीच जुन्या शाळेत दाखल्याचा अर्ज द्या, कारण मे महिन्यात शाळेचं कार्यालय रोज उघडं असेलच असं नाही. दाखला, प्रगतिपुस्तक, जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या ऑनलाइन नोंदीतला लेकीचा विद्यार्थी क्रमांक हे सोबत घ्या. तो क्रमांक जुन्या शाळेने ऑनलाइन सोडला नाही तर नव्या शाळेत नाव चढत नाही. इथेच पालकांचे सगळ्यात जास्त हेलपाटे होतात.

घर बघायला रविवारी दुपारी येऊ नका. मंगळवारी किंवा बुधवारी या. सकाळी साडेसातला सोसायटीत पोचा, साडेआठला यजमानांनी हिंजवडीकडे आणि तुम्ही शिवाजीनगरकडे खरोखर निघून बघा, आणि संध्याकाळी सहाला परतीचा रस्ता मोजा. घड्याळात जे निघेल ते खरं.

सकाळी साडेसातला का, तर पाण्यासाठी. पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं पाणी मिळतं, पिंपरी-चिंचवडला मुख्यतः पवनेचं. तरी धरण भरलेलं असणं आणि तुमच्या नळाला पाणी असणं यांत मोठी तफावत असते. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०१९ च्या नोव्हेंबरात एक दिवसाआड पाणी देणं सुरू केलं. म्हणजे सांगवी-पिंपळे भागात घर घेताना सोसायटीची जमिनीखालची टाकी किती लिटरची आणि सदनिका किती, हे विचारायलाच हवं. माणशी १३५ लिटर धरा, दोन दिवसांचं गणित करा. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. तिथल्या अनेक सोसायट्या आजही टँकरवर आहेत. मालकाला ‘पाणी आहे का’ विचारलं तर उत्तर ‘चोवीस तास’ असंच येणार. त्यापेक्षा वॉचमनला विचारा, ‘एप्रिलमध्ये दिवसाला टँकर किती येतात?’ सेक्रेटरीकडून देखभाल खर्चाचा मागच्या मेचा तपशील मागा, त्यात टँकरची रक्कम दिसते. नळाच्या तोटीवर, बाथरूमच्या फरशीवर पांढरा थर असेल तर बोअरचं जड पाणी आहे. त्याने गिझरची कॉइल आणि वॉशिंग मशीन लवकर जातं, डाळ शिजायला वेळ लागतो. पिण्याच्या पाण्याची तपासणी कधी झाली, हेही विचारा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या टोकाला, नांदेड-किरकटवाडी भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशय दूषित पाण्यावरच आला होता. सासूबाई आणि लहान मुलगी असलेल्या घराने हा प्रश्न विचारताना संकोच करू नये.

गुरुवारी देखभालीसाठी पाणी किंवा वीज बंद असण्याचे प्रसंग पुण्यात वारंवार येतात. बुधवारी रात्री पिंप भरून ठेवायची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या.

नदीकाठ शांत आणि हवेशीर वाटतो, भाडंही थोडं उतरतं. त्याचं कारण पावसाळ्यात कळतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचं पाणी घरांत शिरलं. जुन्या सांगवीत मुळा-पवनेकाठच्या सखल गल्ल्यांतही हा धोका आहे. इमारत निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पुराचं पाणी येऊ शकतं अशा पट्ट्याच्या सरकारी हद्दीच्या, आत आहे का विचारा, आणि खात्रीसाठी पार्किंगच्या भिंतीवर जुन्या ओलीची रेघ शोधा. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तळमजला सोयीचा वाटतो, पण तो अशा ठिकाणी नको. पहिला किंवा दुसरा मजला आणि लिफ्ट घ्या. वीज गेल्यावर लिफ्टला जनरेटर आहे का, हे विचारायचं राहून जातं. सांगवीतल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींत तर लिफ्टच नसते.

आता करार. पुण्यात ‘पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू’ म्हणणारे मालक भेटतील. नको म्हणा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन होते. आधार आणि अंगठा लागतो, आणि हे काम करणारे लोक मशीन घेऊन घरी येतात. ३०,००० रुपये भाडं, १,००,००० अनामत, अकरा महिने, असा हिशोब धरू. भाडं ३,३०,००० आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरायचं व्याज सुमारे ९,१७० रुपये. बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक म्हणजे साधारण ८५० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. त्यावर एजंटची मजुरी. ही रक्कम दोघांनी अर्धी-अर्धी वाटून घ्यायची पद्धत आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन नोंदवणं हेही मालकाचं काम. त्याची प्रत मागून घ्या.

करारात चार गोष्टी शब्दांत उतरवा, कारण अनामत परत घेताना भांडण यांवरूनच होतं. घर सोडताना रंगाचे पैसे कापायचे की नाही आणि कापायचे तर किती. देखभाल खर्च भाड्यात धरलाय की वेगळा. मुदतीपूर्वी न सोडण्याची अट असेल तर ती मालकालाही तितकीच लागू. आणि सूचना एक महिन्याची. किल्ली घ्याल त्या दिवशी वीज मीटरचा आकडा, पंखे, गिझर, भिंतींचे डाग यांचे फोटो काढून मालकाला तिथल्या तिथे पाठवा. महावितरणचं मागचं बिल भरल्याची पावती बघा. थकबाकी राहिली तर वीज तुमची तुटेल. यजमान जुन्या करपद्धतीत घरभाडं दाखवणार असतील तर वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेल्यावर मालकाचा पॅन लागतो, तो आधीच मागा. नंतर मिळत नाही.

पहिल्याच महिन्यात हातात किती हवेत? भाडं ३०,०००, अनामत १,००,०००, दलाली एक महिन्याची ३०,०००, सामानाची ने-आण २०,००० धरा, आणि पडदे-रॉड, नळाच्या जोडण्या, इलेक्ट्रिशियन असं करत आणखी १५,०००. दोन लाखांच्या आसपास. एवढे बाजूला असल्याशिवाय हलू नका.

डोंबिवलीचं घर विकू नका. पुनावळं वाईट आहे म्हणून नव्हे, तर पुण्यात तुमचं कुटुंब कुठे रुजेल हे तुम्हाला अजून माहीत नाही म्हणून. वर्षभरात नोकरी बदलू शकते, हिंजवडीऐवजी पुण्याच्या पूर्वेकडची खराडी होऊ शकते, आणि मग पुनावळ्याचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहील. शिवाय घर विकून झालेला भांडवली नफा करमुक्त ठेवायचा तर विक्रीपासून दोन वर्षांत तयार घर घ्यावं लागतं किंवा तीन वर्षांत नवं बांधून व्हावं लागतं. चालू बांधकाम लांबलं की ही मुदत तुमच्या अंगावर येते. खर्चाचाही अंदाज हवा. ६० लाखांच्या चालू बांधकामातल्या घरावर ५ टक्के जीएसटी ३ लाख, ७ टक्के मुद्रांक ४ लाख २० हजार, नोंदणी ३० हजार. घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट मिळते. दीर आग्रहच धरतील तर त्यांना घेऊन महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर बसा आणि त्या प्रकल्पाची कबूल केलेली ताबा-तारीख किती वेळा पुढे गेली ते बघा. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

तोवर डोंबिवलीची जागा भाड्याने द्या. त्यावर सोसायटी जो जादा आकार लावते तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. पण पहिले तीन महिने ती रिकामीच ठेवा, असं आम्ही सुचवतो. का ते सासूबाईंच्या संदर्भात पुढे लिहितो.

यजमानांनी मेमध्ये एकट्याने यावं, महिनाभर पेइंग गेस्ट म्हणून राहावं आणि संध्याकाळी घरं बघावीत. करार मेच्या शेवटच्या आठवड्यापासून करा आणि सामान त्याच आठवड्यात हलवा. पाऊस पुण्यात साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतो. तुमच्या सामानाला चौदा फुटी बंद ट्रक पुरेल. शनिवारी सकाळी मुंबईहून पुण्याकडे बोरघाटात गाड्या अडकतात, म्हणून दिवस मंगळवार ते गुरुवार ठेवा. दोन्ही सोसायट्यांची परवानगी आणि लिफ्टच्या वेळा लेखी घ्या. सामानाची यादी आणि ठरलेली पूर्ण रक्कम, म्हणजे मजले, लिफ्ट, टोल, जीएसटी सगळं धरून, कागदावर घ्या. ‘उतरवायचे वेगळे’ हा वाद नेहमी ट्रक दारात उभा राहिल्यावर सुरू होतो. पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन असेल तर ड्रम घट्ट करणारे बोल्ट लावूनच हलवा. ड्रम स्प्रिंगवर टांगलेला असतो, घाटात हादरे बसून मशीन निकामी होतं. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा, उभाच न्या, पोचल्यावर तीन-चार तासांनी चालू करा. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून ती त्याच पलंगाच्या फळीला चिकटवा. पुण्याची हवा डोंबिवलीपेक्षा कोरडी आहे, त्यामुळे लाकडी कपाटाचे सांधे काही महिन्यांत सैल पडतात. सुताराकडून एकदा आवळून घ्या.

गॅस सिलिंडर ट्रकमध्ये घालू नका. डोंबिवलीच्या वितरकाकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून बदलीचं व्हाउचर घ्या, त्यावर पुण्यात जोडणी मिळते. अनेक इमारतींत पाईपचा गॅस असतो. तसं असेल तर शेगडीचे जेट बदलून घ्यावे लागतात. स्कूटर असेल तर एमएच-०५ नंबर बदलत नाही. राज्यातच असल्याने फक्त पत्ता बदलायचा, तो तीस दिवसांत. मतदार यादीसाठी फॉर्म ८, आधारला नोंदणीकृत करार चालतो. तुम्हाला दुचाकी येत नसेल तर शिकाऊ परवान्याचा अर्ज आत्ताच करा. पक्का परवाना त्यानंतर तीस दिवसांनी मिळू शकतो. स्कूटर चालवता येणं हे पुण्यात तुमच्यासाठी पगारवाढीपेक्षा मोठं ठरेल, असं आम्हाला मनापासून वाटतं.

सासूबाईंबद्दल. ‘मी इथेच बरी’ म्हणतात त्यात हट्ट कमी आणि हिशोब जास्त आहे. डोंबिवलीत त्यांना कोणाला न विचारता बाहेर पडता येतं. पुण्यात तसं येईल का, ही त्यांची शंका रास्त आहे. त्यामुळे घर बघण्याच्या दुसऱ्या फेरीला त्यांना बरोबर न्या आणि शेवटच्या दोन घरांतलं एक त्यांनाच निवडू द्या. इमारतीच्या फाटकापासून वाणी, औषधवाला, देऊळ आणि एखादी बाग किंवा कट्टा त्यांच्या चालीने दहा मिनिटांत, मोठा रस्ता न ओलांडता गाठता येतो का, हे त्यांच्याबरोबर चालून बघा. ज्येष्ठ नागरिक संघ कुठे भरतो ते त्याच बागेत विचारलं की कळतं.

सामान हलवण्याच्या दिवशी त्या तिथे नकोत. आठ-दहा दिवसांनी, त्यांची खोली लागल्यावर, आणा. कमोडशेजारी आणि न्हाणीत स्टीलचे दांडे बसवून घ्या. भिंतीला भोकं पाडायची मालकाची परवानगी करारातच लिहून घ्या. दोन महिन्यांची औषधं आणि डोंबिवलीच्या डॉक्टरांकडून सध्याच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट घ्या. पुण्यातल्या डॉक्टरांना पहिल्या पंधरवड्यातच, तब्येत बरी असताना भेटा. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि सांधे आखडतात, म्हणून पहाटेचं फिरणं आठनंतर. आणि पहिले तीन महिने डोंबिवलीचं घर रिकामं ठेवा म्हणालो ते यासाठी, की महिन्यातून चार दिवस त्यांना तिथे जाऊन राहता यावं. कल्याणला थांबणारी दिवसाची गाडी आणि बसायच्या जागेचं आरक्षण बघा. पोचवायला एकदा यजमान जातील, एकदा तुम्ही. तीन महिन्यांनी त्यांनाच विचारा आणि मगच डोंबिवलीचा भाडेकरू ठरवा.